ज्यांच्या नावावर आमचे फोन होते

आमचे नाना पहिल्यांदा मेले, तेव्हा ते सुरतेत कतारगामला पाचव्या मजल्यावर बसून वायफायवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. थट्टा नाही. पोलिसांच्या कागदावर मयताचं नाव म्हणून त्यांचं नाव होतं, आणि स्मशानातल्या फळीवर त्यांच्या नावाची चिठ्ठी बांधलेलं अस्थींचं गाडगं होतं. पुढे ते खरोखर गेले, पण ते मरण अगदीच साधं निघालं. झोपेत गेले, घरचे सगळे हजर होते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते पहिल्या मरणाचं. पण आधी माणूस कसा होता ते ऐका, त्याशिवाय ते मरण तुम्हाला कळायचं नाही.

नाना आमचे नात्याने कोणी नव्हते. माझ्या नवऱ्याच्या गावापासून दोन गावं पलीकडचे, एवढंच नातं. उधन्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्तर होते. सगळी उमर त्या खडखडाटात गेल्यामुळे कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. लूमवर माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, तशी नानांना सवय. तुम्ही पाठ फिरवून काही बोललात तर त्यांच्या लेखी तुम्ही गप्प. स्वतः मात्र ते कायम लूम चालू असल्यासारखे बोलत. गल्लीच्या या टोकाला त्यांनी पाणी मागितलं तर त्या टोकाची बाई तांब्या भरायची.

आणि अशा माणसाला वेड कसलं असावं? टेलिफोनचं. ज्याला पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, त्याला फोनचा एवढा जीव. मी त्यांना एकदा विचारलं सुद्धा की नाना, देवाने तुमची थट्टा केली का. त्यांनी माझे ओठ नीट वाचले आणि म्हणाले, फोन ऐकायसाठी नसतो, माणूस आहे की नाही एवढं कळायसाठी असतो.

त्यांचं हे वेड आमच्या सगळ्यांच्या कामाला आलं. खान्देशातून नवीन माणूस सुरतेत उतरला की त्याच्याकडे दोन गोष्टी नसायच्या, राहायला खोली आणि दाखवायला कागद. खोली कोणीतरी द्यायचं. कागद नाना. स्वतःचं लाइटबिल, स्वतःचा फोटो, स्वतःची सही लावून ते त्याला सिमकार्ड काढून देत. एका माणसाच्या नावावर जेवढी मिळू शकतात तेवढी सगळी त्यांनी काढली होती. माझा फोन त्यांच्या नावावर. आमच्या शेजारणीचा त्यांच्या नावावर. रंगाच्या मिलमध्ये कंत्राटदाराकडे लागलेल्या शिवदासचा त्यांच्या नावावर. आम्हाला नंतर स्वतःचे कागद झाले, आधार झालं, सगळं झालं. तरी नंबर आपल्या नावावर करून घ्या असं नाना कधी म्हणाले नाहीत. आम्ही म्हटलं तर त्यांचा गुडघा दुखायचा, चष्मा सापडायचा नाही, नाहीतर त्या दिवशी अमावस्या निघायची. लेकी सासरी जातील म्हणून एखादा बाप स्थळंच बघत नाही, त्यातला प्रकार.

या मालकीची वसुली रोज संध्याकाळी व्हायची. पाळी सुटायच्या वेळेला नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि आपल्या नावावरच्या एकेका फोनला मिस्ड कॉल देत. एक रिंग, बंद. तुम्ही उलट मिस्ड कॉल द्यायचा. त्यांच्या खिशातला फोन थरथरला की त्यांनी मान हलवायची आणि पुढचा नंबर लावायचा. याला आम्ही हजेरी म्हणायचो. माझे हात पिठात असोत, नाहीतर साडीला टिक्या लावताना डिंकाने बरबटलेले असोत, हजेरी द्यायची म्हणजे द्यायची. नाही दिली तर नाना दारात. मग त्या आवाजात माझ्या आजारपणापासून माझ्या नवऱ्याच्या व्यसनांपर्यंत सगळी चौकशी, आणि शेजारपाजार फुकटात हजर. मी कोपराने बटण दाबायला शिकले ते त्याच भीतीने.

सगळ्यात आधी हजेरी यायची शिवदासची. पारोळ्याकडचा पोरगा, पोरगा कसला, दोन लेकरांचा बाप, पण चेहऱ्याने पोरगाच. बायको-मुलं गावाला. इथे पाळीपाळीने झोपणाऱ्या गड्यांच्या खोलीत त्याचं अर्धं अंथरूण. मिलमध्ये कापडाला जो रंग चालू असेल तो त्याच्या नखांत असायचा. नाना त्याची नखं बघून सांगत, या वर्षी बायका काय नेसणार ते. बोलायला लाजायचा. बसमध्ये बसला की त्याला मळमळायचं, म्हणून सुरतभर पायी फिरायचा. नानांचा फोन वाजायच्या आधीच तो हातात धरून बसलेला असावा, इतक्या झटक्यात त्याची हजेरी यायची. दिवसभरात त्याला कोणाचा फोन यायचा तर हा एक.

नानांचा खरा दरबार मात्र भरायचा तो कोणी घर बदलताना. सुरतेत आमच्यासारखी माणसं घरात राहत नाहीत, अकरा महिन्यांच्या करारात राहतात. करार संपला की मालकाच्या भाच्याचं लग्न निघतं आणि खोली खाली करावी लागते. अशा वेळी बाकीचे लोक टेम्पो शोधतात. नाना फोन कंपनीच्या काउंटरवर जात. त्यांचा नियम होता, पहिले अर्ज, मग बोजा. नव्या जागी लाईन येते का ते आधी विचारा, जुनी कधी कापणार ते लिहून घ्या, वायफायचा डबा परत द्यायचा की सोबत न्यायचा ते ठरवा, आणि मगच भांड्यांना हात लावा. लोक उलटं करतात, म्हणायचे. सामान नेतात, मग महिनाभर आंधळ्या-बहिऱ्यासारखे बसतात. हे वाक्य बहिऱ्या माणसाने छाती काढून म्हणायचं.

आम्ही उधन्याहून बमरोलीला गेलो तेव्हाचा प्रयोग मी स्वतः पाहिला आहे. काउंटरवरच्या गुजराती पोरीने सांगितलं की तुमच्या नव्या गल्लीत आमची लाईन नाही. नाना म्हणाले, आहे. ती म्हणाली, संगणकात नाही. नाना म्हणाले, खांबावर आहे, मी बघून आलो. हा संवाद नानांच्या बाजूने लूमच्या पट्टीत चाललेला, त्यामुळे मागची अख्खी रांग आमची नातेवाईक झाली. पोरगी एकसारखी म्हणत होती, काका, धीमे बोलो ने. तेही तिने खाली संगणकात बघून म्हटलेलं, त्यामुळे नानांना ते कधी कळलंच नाही. शेवटी तिने माणूस पाठवला, आणि तार खरंच खांबावर निघाली. त्यानंतर नाना दिसले की ती पोरगी आपण होऊन मान वर करून बोलायची, त्यांना ओठ दिसावेत म्हणून.

सामान हलवायच्या दिवशी नाना टेम्पोत पुढे बसले, मांडीवर वायफायचा डबा, माझ्या आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेला, अंगावरचं पोर धरावं तसा. माझी सासू देव घेऊन मागे पिंपावर. तिने विचारलं की देव मागे आणि डबडं पुढे ही कुठली रीत. नाना मागे वळून तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "माय, देव कोठेबी भेटस. लाईन नही भेटत." सासूने ते मरेपर्यंत सोडलं नाही. नव्या घरात गणपतीच्या आधी नानांनी डब्याला जागा शोधली, आणि हिरवा दिवा लागल्यावर हात जोडले. सासूला वाटलं देवाला जोडले. मी तिला तसंच वाटू दिलं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात. नाना हळू बोलू शकतात हे मला तेव्हाच कळलं. तरुणपणी ते उधन्यात एका किराणा दुकानावर राहायचे, गावाला त्या दुकानाचा नंबर दिलेला. मग त्यांनी खोली बदलली आणि नवा नंबर कळवायचा राहिला. आई गेल्याचा फोन दुकानात आला. दुकानदाराने सांगितलं, तो इथून गेला. एवढं सांगून नाना उठले आणि माझ्या राउटरवरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

मग ते स्वतः राहत ती उधन्यातली चाळ खाली करायची वेळ आली. मालकाने जागा विकली, सगळे भाडेकरू चहूकडे पांगले. नानांच्या मुलाने कतारगामला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, त्याने बापाला तिकडे नेलं. मुलगा सरळ माणूस, पण बापाच्या फोनांना जाम घाबरायचा. कोणी काही भानगड केली तर पोलीस तुमच्याकडे येतील, असं तो कायम सांगायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं.

नानांनी नियमाप्रमाणे आधी अर्ज दिला, पण फक्त वायफायच्या लाईनचा. मोबाइल नंबरांवरचा पत्ता त्यांनी बदलला नाही. बदलायला गेले असते तर प्रत्येक कार्ड कोणाच्या हातात आहे हे दाखवावं लागलं असतं. जगाची लाईन हलवून देणाऱ्या माणसाने स्वतःचा पत्ता मागेच ठेवला, एका अशा चाळीचा, जिच्यावर आठवड्याभरात बुलडोझर फिरला.

आणि नव्या घरी लाईन येईना. सोसायटीचं एकाच केबलवाल्याशी ठरलेलं, दुसऱ्या कंपनीची तार सेक्रेटरी आत घेऊ देईना. फ्लॅटमध्ये मोबाइलची रेंज नाही. लिफ्ट अजून सुरू झालेली नाही आणि नानांचे गुडघे तर लूमवर उभं राहूनच संपलेले, पाच मजले उतरणार कसे. ते गॅलरीत उभे राहून हजेरी लावायला बघायचे. पण फोन लागला की नाही हे ऐकू येत नाही, आणि उलट फोन यायला रेंज नाही. मुलगा म्हणाला, चार दिवस नका देऊ हजेरी, कोणी मरत नाही. असं माणूस सहज म्हणतो.

इकडे आम्ही मजेत. खरं सांगायचं तर शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी फोन वाजत नाही, कोपराने बटण दाबायचं नाही. शेजारीण म्हणाली, नाना सुनेच्या हातचं खाऊन सुधारले दिसतात. आमच्यापैकी कोणालाही वाटलं नाही की जाऊन बघावं.

शेवटी नानांनी सेक्रेटरीच्या दारात उभं राहून अर्ज तोंडी वाचायला सुरुवात केली, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींनीच तार आत घ्यायला लावली. वायफाय आलं, त्यावर फोन चालू झाला. त्या संध्याकाळी हजेरी लागली. सगळ्यांची परत आली. शिवदासची आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाच मजले बसत-उठत उतरून, मुलाच्या स्कूटरवरून नाना बमरोलीला माझ्या दारात. चहा नाही, पाणी नाही. चल, म्हणाले. मुलगा कामाला गेला आणि आम्ही रिक्षाने शिवदासच्या खोलीवर गेलो. तिथले गडी म्हणाले, तो गावाला गेला असेल. त्याच्या अर्ध्या अंथरुणावर दुसरा झोपलेला होता. कंत्राटदार म्हणाला, आला नाही म्हणून दुसरा लावला, असे बरेच जातात. मी गावाला त्याच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, कितीतरी दिवस फोन नाही, लावला तर बंद. मागून कोणीतरी पुरुष बोलत होता की सुरतेला दुसरी ठेवली असेल. तिने फोन ठेवून दिला.

नानांना एकच ठिकाण सुचलं, काउंटर. त्यांनी नंबर सांगितला, पोरीने संगणकात घातला आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग तिने वर बघितलं, नानांना ओठ दिसतील अशी पुढे झुकली आणि म्हणाली, "काका, आमां तो तमे गुजरी गया छो."

नानांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेच मराठीत म्हटलं, की यात तुम्ही वारलेले आहात.

मला हसू आलं. आता अंगावर काटा येतो, पण तेव्हा आलं, आणि नानांनाही आलं. ते मागच्या रांगेला म्हणाले, बघा, मेल्यावर सुद्धा रांग चुकत नाही. रांग हसली. पोरगी हसली नाही. तिने सांगितलं, रेल्वे पोलिसांनी एका मयतासाठी या नंबरच्या मालकाची चौकशी केली होती. ते ऐकून नाना खाली बसले, तिथेच, फरशीवर.

रेल्वे पोलिसांची चौकी म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि एक थकलेला, पोट सुटलेला, चांगला हवालदार. त्याने सगळं सांगितलं. रुळांवर एक पुरुष सापडला होता. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. खिशात फुटलेला फोन. कार्ड काढून बघितलं तर मालक म्हणून नानांचं नाव, उधन्याच्या चाळीचा पत्ता. माणूस पाठवला तर तिथे विटांचा ढीग. वारस मिळाला नाही. जितके दिवस ठेवता येतं तितके ठेवलं, मग एका संस्थेने अग्नी दिला. कागदावर कार्डावरचं नाव चढलं. वयाचा मेळ लागत नव्हता, पण बेवारशाच्या वयाकडे कोण बघतं.

कपड्यांचं गाठोडं त्याने उघडून दाखवलं. नानांना शर्ट ओळखू येईना. मला आला. वरचं बटण जरीच्या सोनेरी धाग्याने शिवलेलं होतं. शिवदास एकदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा ते तुटलं, आणि माझ्या हाताशी तोच धागा होता. नवरदेव दिसतोस, असं मी त्याला म्हटलं होतं, आणि तो लाजून पानात बघत बसला होता.

नानांनी हवालदाराला एवढंच विचारलं, तोंड कोणत्या बाजूला होतं. म्हणजे कुठून कुठे चालला होता. हवालदार म्हणाला, उधन्याहून सुरत स्टेशनकडे, बहुतेक. शिवदासची मिल त्या बाजूला नव्हतीच. मिल पांडेसऱ्याला, अगदी उलट. स्टेशन ओलांडून तो रस्ता पुढे कतारगामला जातो.

आता प्रश्न कागदाचा होता. शिवदासच्या नावाने मरणाचा दाखला निघाला नाही तर त्याची बायको ना सवाष्ण ना विधवा. गाडगं तिला मिळणार नाही, कारण त्यावरचं नाव वेगळं. आणि गाव म्हणणार तो पळाला. नाव दुरुस्त करायचं तर नानांना लिहून द्यावं लागणार होतं की कार्ड माझं, फोन मी दिलेला. असं कार्ड दुसऱ्याला देणं हा गुन्हा आहे, नावावरचे सगळे नंबर बंद होतात, हवालदाराने सांगितलं. मग त्याने पंख्याकडे बघत एक वाट काढून दिली. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. तो म्हणाला, "काका, लिहा की फोन चोरीला गेला होता. तुमची सुटका, त्याचं नाव पण लागतं. मेलेल्याला काय फरक पडतो?"

तोवर नानांचा मुलगा पोचला होता. तो म्हणाला, हेच लिहायचं. बापाच्या समोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवून तीनतीनदा म्हणाला. मीही मनात म्हटलं, लिहा नाना. माझ्या नंबरवर मार्केटातल्या शेठचे फोन येत, त्या नंबरवर माझी चूल चालत होती. आमच्या सगळ्यांच्या चुली त्या एका वाक्यात होत्या.

नानांनी मुलाचं बोलणं पुरतं वाचलं आणि हवालदाराकडे वळले. "त्यानी चोरेल नही," त्यांनी सांगितलं. "मी देयेल व्हता."

हवालदाराला अहिराणी कळत नव्हती, पण हे कळलं. तरी त्याने पुन्हा विचारलं. नानांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी बाहेर फलाटावरच्या लोकांनीही ऐकलं. मुलगा बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

जबाब लिहिला गेला. गुन्ह्याचं पुढे कसं निस्तरलं ते हवालदाराने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण कंपनीत कागद गेला. काउंटरच्या पोरीने नानांना बोलावून समोर सहीचा कागद ठेवला आणि म्हणाली, काका, सही करशो तो बधा नंबर बंध थई जशे. सगळे. वायफायसुद्धा, जे सेक्रेटरीच्या उरावर बसून आणलं होतं. नानांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्याशी वाद घातला नाही, आणि ती पोरगी त्याच गोष्टीने जास्त घाबरली.

दुसऱ्या दिवशी आमचे फोन मेले. बँकेचे आकडे येईनात, गॅसचा नंबर लागेना, शाळेचे निरोप बंद. माझं काम शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे गेलं, ते परत यायला बराच काळ लागला. लोकांनी नानांना काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही, त्यातलं निम्मं माझ्या नवऱ्याने म्हटलं होतं. एकाच्या पायी सगळ्यांना मारलं, हे त्यातलं सौम्य. आणि मजा बघा, ज्याने त्याने आपापलं आधार घेतलं, दुकानात गेला आणि नवं कार्ड घेऊन आला. जे काम आम्ही इतकी वर्षं टाळलं, ते चहा थंड व्हायच्या आत झालं. नव्या नंबरवर संध्याकाळी कोणाचाच फोन येईना.

नाना पाचव्या मजल्यावर बसून राहिले. मुलगा बोलत नव्हता. लिफ्ट सुरू झाली तरी ते उतरले नाहीत. मी जायची तेव्हा ते मला एकच विचारत, दाखला निघाला का. अंगावरचं मांस उतरलं होतं. आवाज मात्र तसाच.

दाखला निघाला. शिवदासचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, सगळं बरोबर. मी गावाला कळवलं. त्याची बायको आली, सोबत तिचा दीर. नानांच्या मुलाने घरी नको म्हटलं, म्हणून सगळे बमरोलीला माझ्याकडे आले. त्या सहीनंतर नाना पहिल्यांदाच खाली उतरले आणि मुलाच्याच स्कूटरवरून आले. मुलगा त्यांना दारात सोडून गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला.

बाई लहानखुरी होती, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. मी चहा ठेवला, तिने हात लावला नाही. नानांनी कागद तिच्यापुढे धरला आणि नावावर बोट ठेवलं. तिला वाचता येत होतं. तिने ते नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, मग कागद दिराकडे न देता आपल्याच पिशवीत ठेवला. दीर म्हणाला, आता गाडगं घेऊन निघू. तो घाईत होता. मागच्या वेळी फोनवर, दुसरी ठेवली असेल, असं म्हणणारा जो आवाज मी ऐकला होता, तो याचाच, हे मला तेव्हा कळलं.

ती उठली नाही. पदराच्या आत काहीतरी बोलली. नाना म्हणाले, "पदर बाजूले कर माय. मले ओठ दिसत नही."

तिने परक्या पुरुषासमोर, दिरासमोर, पदर मागे घेतला. चेहरा अगदी कोरडा. तिने पुन्हा विचारलं, "त्या तठे रेल्वेवर काबर गयात?" ते तिथे का गेले, एवढंच तिला हवं होतं.

नानांनी ते वाचलं. ज्या एका गोष्टीने त्यांना खाल्लं होतं, जी त्यांनी मुलाला सांगितली नव्हती आणि मला सुद्धा नाही, ती तिने सरळ समोर ठेवली होती. त्यांनी दाराकडे बघितलं. मला वाटलं उठून जातील. पण त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं. हळू सांगायचं त्यांच्या मनात होतं हे मला दिसलं, पण गळ्याला ते जमलं नाही. बमरोलीच्या आमच्या अख्ख्या गल्लीने ते ऐकलं.

"मनाकडे यी ऱ्हायना व्हता, माय. मना फोन गया नही ना. मी जितो का मेलो ते देखाले."

नानांची मान खाली गेली. ती काय म्हणेल ते वाचायला त्यांनी मान वर केली नाही, ते तसेच बसून राहिले.

बाईने हात लांब करून त्यांच्या गुडघ्याला लावला. त्यांनी वर बघितलं. मग ती एकेक शब्द सुटा करून, त्यांना दिसेल असं बोलली.

"तुमनाकडेच ना? दुसरीकडे कोठे नही ना?"

"मनाकडेच," नाना म्हणाले.

ती दिराकडे वळली. पदर अजून मागेच होता.

"आयकं का, भाऊ?"

तिने समोरचा चहा ओढून घेतला, तो थंड झाला होता, तरी सगळा प्यायली, आणि मग म्हणाली की आता चला, त्यांना घेऊन येऊ.